राजी नसलेल्याचा राजीनामा

बाबांनी सही केली तो कागद दीड पानाचा होता. पुढचं पान इंग्रजी, मागचं अर्धं पान कानडी. बाबा बेळगावात, मजगावच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. कानडी त्यांना सहज बोलता येतं, पण वाचायला बसले की एकेक अक्षर जुळवावं लागतं. इंग्रजीत ते फक्त आपलं नाव लिहितात. त्या दिवशी तेवढंच लिहायचं होतं.

सप्टेंबर २०१९. पितृपक्ष चालू होता. बाबा पहिल्या पाळीवरून आले, सायकल भिंतीला लावली आणि आईच्या हातात पाकीट दिलं. "सही करून आलो बघ. चाळीस हजार दिले." आईनं पाकीट देवापुढं ठेवलं. मी तेव्हा टिळकवाडीत एका सीएच्या ऑफिसात कामाला होते. दर महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत दहा-बारा कारखान्यांची पीएफची चलनं भरणं हे माझंच काम. पाकीट बघून मलाही वाटलं, चला, कंपनीनं माणुसकी दाखवली. सतरा वर्षं आठ महिने उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मोल्डिंगवर (साचे करायला) काम केलेला माणूस रिकाम्या हातानं परतला नाही, याचंच समाधान. कागदाची झेरॉक्स पाकिटातच होती. ती मी वाचली नाही. दिवाळीपर्यंत वाचली नाही. याचं दुःख अजून गेलेलं नाही.

त्या वर्षी देशभर मोटारींचा खप पडला होता. बेळगावच्या फौंड्र्यांचं बरंच काम मोटारींच्या आणि पंपांच्या सुट्या भागांचं, त्यामुळं तिकडं गाडी विकली गेली नाही की इकडं भट्टी गार. तीन पाळ्यांच्या दोन झाल्या, मग एक. आधी ठेकेदाराची पोरं गेली. मग एक दिवस जुन्या लोकांना चार-चार करून ऑफिसात बोलावलं. बाबा सांगतात, आत कुणी ओरडलं नाही, दमदाटी केली नाही. खुर्ची दिली, चहा दिला. साहेब म्हणाले, ऑर्डर नाहीत, तुम्हाला दिसतंयच, सही करा आणि हिशेब घ्या. शेजारच्या क्लार्कनं कागद पुढं सरकवला, "सही माड्री, मामा." सही करा. बाबांच्या आधी तिघांनी केली होती. "सगळ्यांनी केली, मी बी केली," एवढंच ते म्हणतात.

नोव्हेंबरात पीएफचा अर्ज भरायचा म्हणून मी ती झेरॉक्स काढली. इंग्रजी पान नेहमीचं होतं: घरगुती कारणामुळं काम सोडत आहे, सर्व देणी मिळाली, काही तक्रार नाही. मागचं कानडी पान आमच्या शेजारच्या मुलीनं वाचून दाखवलं. ती कानडी माध्यमातली. त्यातली पहिलीच ओळ 'स्वइच्छेयिंद' या शब्दाची. स्व-इच्छेनं. त्या एका शब्दासाठी कानडी यायलाही नको होतं, कुणी मोठ्यानं म्हणून दाखवला असता तरी बाबांना कळला असता. आणि पुढचा शब्द 'राजीनामे'. आपला राजीनामाच. दोन्ही भाषांत एकच शब्द, फारसीतून आलेला. राजी म्हणजे कबूल, नामा म्हणजे लेख. राजी असल्याचा लेख. सीमाभागात इतकी वर्षं कुठल्या पाटीवर कुठली भाषा वर आणि कुठली खाली यावर माणसं भांडली, त्यातलं पुष्कळ भांडण खरं होतं आणि मी ते हलक्यात काढणार नाही. पण त्या खोलीतल्या चौघांत दोघांची मायबोली कानडी होती. त्यांनीही तो कागद न वाचताच सही केली होती.

बाबा राजी नव्हते. त्यांना काढलं होतं. या दोन गोष्टींत कायद्याच्या लेखी किती अंतर आहे ते मी त्यानंतर शिकले.

तेव्हा लागू होता १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा. त्याच्या २५-फ कलमात सरळ लिहिलेलं आहे: एक वर्ष सलग काम केलेल्या कामगाराला मालकानं कमी करायचं असेल, तर कारण देऊन एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी किंवा त्या महिन्याचा पगार द्यावा, शिवाय कामाच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागं पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा. सलग वर्ष म्हणजे बारा महिन्यांत २४० दिवस काम. सहा महिन्यांहून जास्त असेल तर तो तुकडाही पूर्ण वर्ष धरतात. त्याच कायद्यात पुढं असंही आहे की सामान्यतः जो शेवटी आला तो आधी जाईल, आणि पुन्हा माणसं घ्यायची वेळ आली तर कमी केलेल्यांना आधी बोलवायचं. बाबांचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १३,००० होता. अर्ध्या महिन्याचे ६,५००, गुणिले १८ वर्षं, म्हणजे १,१७,०००. नोटिशीचा महिना धरून १,३०,०००. मी हे गणित स्वयंपाकघराच्या ओट्यावर, वाण्याच्या बिलाच्या पाठीमागं मांडलं. आई शेजारी भाकरी थापत होती. तिनं आकडा विचारला, मी सांगितला. तिनं परात पुढं ओढली आणि काही बोलली नाही.

स्वतःहून राजीनामा दिलेल्याला यातलं काही मिळत नाही. म्हणूनच तो कागद दीड पानाचा होता.

दबावानं घेतलेल्या राजीनाम्याला आव्हान देता येतं. कामावरून काढलेला एकटा कामगारही युनियनशिवाय कामगार खात्याकडं जाऊ शकत होता, आणि समेट झाला नाही तर ४५ दिवसांनी थेट लेबर कोर्टात. मुदत तीन वर्षांची. मी बाबांना हे सगळं सांगितलं. औद्योगिक कामगाराला त्याचं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं, जिल्हा न्यायालयातल्या त्या ऑफिसात जाऊन नुसता अर्ज द्यायचा, हेही सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मच्छ्यात बोलावलंय. सोमवारपासून." मच्छ्याच्या एका युनिटात ठेकेदाराकडं काम मिळत होतं, पगार जुन्याच्या तीनचतुर्थांश. फौंड्रीवाले एकमेकांना ओळखतात. कोर्टात गेलेला मोल्डर कोण घेणार, ही भीती त्यांनी बोलून दाखवली नाही, पण ती घरात सगळ्यांना दिसत होती. मी जोर केला नाही. कायदा माणसाच्या बाजूनं असणं आणि माणसाला कायद्यापर्यंत जाणं परवडणं यांच्यामध्ये जे अंतर आहे ते बाबा रोज सायकलनं कापत होते. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नव्हता, आजही नाही.

पण एक गोष्ट मी सोडली नाही. ग्रॅच्युइटी.

ग्रॅच्युइटी म्हणजे इतकी वर्षं काम केल्याबद्दल नोकरी सुटताना मालकानं द्यायची रक्कम. ती राजीनाम्यानं बुडत नाही. १९७२ चा तो कायदा पाच वर्षं सलग काम केलेल्या प्रत्येकाला लागू होता, मग त्याला काढलेलं असो, तो स्वतः गेलेला असो वा निवृत्त झालेला असो. कामाच्या जागी दहा माणसं असली की पुरे. हिशेब असा: शेवटचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. १३,००० भागिले २६ म्हणजे ५००. पंधरानं गुणून ७,५००. अठरा वर्षांचे १,३५,०००. आणि 'सर्व देणी मिळाली' असं लिहून घेतलं म्हणून हा हक्क सुटत नाही, कारण या कायद्याच्या विरुद्ध जाणारा कुठलाही करार त्याच्यापुढं टिकत नाही. माझ्या ऑफिसातल्या मोठ्या साहेबांनी हे मला एका वाक्यात सांगितलं आणि कपाटातलं पुस्तक हातात दिलं. त्या पुस्तकावरची धूळ मीच चार वर्षं पुसत होते.

नमुना 'आय' हा कामगारानं मालकाला द्यायचा अर्ज. तीस दिवसांत द्यावा असं होतं, पण नुसत्या उशिरामुळं हक्क बुडत नाही, हेही नियमातच होतं. आम्ही तो रजिस्टर पोस्टानं पाठवला, पोचपावतीसह. उत्तर आलं नाही. मग जानेवारी २०२० मध्ये नमुना 'एन', कामगार खात्यातल्या नियंत्रक अधिकाऱ्याकडं. तिथल्या खिडकीवर बाबा तीनदा 'नाळे बर्री', उद्या या, ऐकून आले. चौथ्यांदा मी रजा काढून गेले. एका वयस्कर कारकुनानं अर्ज बघितला, चुकीच्या रकान्यात लिहिलेली तारीख खोडून दिली आणि शुद्ध मराठीत म्हणाला, "ताई, तुमच्या वडिलांना सांगा, पगाराच्या जुन्या स्लिपा फेकू नका." बाबांनी त्या फेकल्या नव्हत्या. लोखंडी ट्रंकेत, २००२ पासूनच्या, सुतळीनं बांधलेल्या होत्या. वाचता येत नसलेले कागद त्यांनी जन्मभर जपले होते.

मार्चमध्ये सगळंच बंद पडलं. तारखा पुढं गेल्या. सुनावणीत कंपनीचं म्हणणं होतं की चाळीस हजारांत ग्रॅच्युइटी आलीच. अधिकाऱ्यांनी फोड मागितली. फोड आली ती अशी: त्या महिन्याचा पगार, शिल्लक रजेचे पैसे आणि वर्षाचा बोनस. म्हणजे आईनं देवापुढं ठेवलेलं पाकीट बाबांच्याच घामाचं होतं, त्यात वरचा एक रुपया नव्हता. फेब्रुवारी २०२१ मध्ये निकाल लागला, १,३५,००० आणि उशिराचं व्याज. पैसे बँकेत जमा झाले त्या दिवशी बाबा शेतावर गेले होते, मसुराची मळणी चालू होती. मी फोन केला. ते म्हणाले, "बरं." थोड्या वेळानं त्यांनीच परत फोन केला आणि आकडा पुन्हा एकदा विचारला.

पीएफची गोष्ट वेगळी, आणि खरं सांगायचं तर तिनं आम्हाला जास्त रडवलं. तेव्हाच्या नियमानं नोकरी सुटल्यावर एका महिन्यानं ७५ टक्के आणि दोन महिन्यांनी उरलेली रक्कम काढता येत होती. अर्ज ऑनलाइन. पण बाबांच्या नावात 'क्ष' आहे. आधारवर तो एक्स अक्षरानं लिहिला गेलाय, पीएफच्या नोंदीत के-एस-एचनं, आणि बँकेच्या पुस्तकात कानडी उच्चार ऐकून कुणीतरी शेवटी एक जादा ए लावलाय. आडनावाच्या जागी एकीकडं आजोबांचं नाव, एकीकडं नुसतं आद्याक्षर. आमच्या भागात हे घरोघरी आहे. शाळेचा दाखला मराठी, शिधापत्रिका कानडी, पीएफ इंग्रजी. एक माणूस तीन लिप्यांतून जाता-जाता तीन माणसं होतो आणि संगणक त्याला ओळखायला नकार देतो. दुरुस्तीसाठी तेव्हा कामगार आणि मालक दोघांचं संयुक्त घोषणापत्र लागायचं, आणि त्यावर सही लागायची जुन्या मालकाची. ज्या दारातून बाहेर पडलो त्याच दारात पेन मागायला जायचं. बाबा सहा वेळा गेले. माझी कळकळीची विनंती आहे: नोकरी चालू असतानाच नाव, जन्मतारीख आणि बँक खातं जुळवून घ्या. सुटल्यावर तीच सही मागायला गेटवर उभं राहावं लागू शकतं.

बाबांची पेन्शन योजनेतली वर्षं दहाच्या वर गेलेली, म्हणून ते पैसे काढता आले नाहीत. तेव्हा आम्ही हळहळलो. आज वाटतं बरं झालं, ५८ पूर्ण झाल्यावर पेन्शनचा नमुना '१०-डी' भरला आणि दर महिन्याला थोडे पैसे येऊ लागले. ज्यांची दहा वर्षं भरलेली नसतात अशी तरुण पोरं नोकरी सुटल्यावर १०-सी भरून ती रक्कम उचलतात, आणि वर्षांची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. त्याच अर्जावर योजना प्रमाणपत्र मागता येतं आणि मग आधीची वर्षं पुढच्या नोकरीत धरली जातात, हे त्यांना कुणी सांगत नाही.

आणि इएसआयचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड. हे आठवलं की मला आईकडं बघवत नाही. नोकरी गेली म्हणजे कार्ड गेलं, असं समजून बाबांनी ते ट्रंकेत टाकलं. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या आम्ही बाहेरून विकत आणत राहिलो. पण इएसआयची वर्गणी एका सहामाहीत भरली की तिचा लाभ त्यानंतर तीन महिन्यांनी सुरू होणाऱ्या सहामाहीत मिळतो. एप्रिल ते सप्टेंबर २०१९ ची वर्गणी कापली गेलेली होती, म्हणून जानेवारी ते जून २०२० पर्यंत उपचार चालू राहायला हवे होते. त्याच्या आधीच्या वर्गणीवर तर डिसेंबर २०१९ पर्यंतचा काळ होताच. नऊ महिने. कार्ड ट्रंकेत, आणि आई महिन्याच्या शेवटी गोळी अर्धी करून घ्यायची.

जुलै २०२० मध्ये आमच्या दोन घरं पलीकडच्या काकांना बोलावणं आलं. ते दुसऱ्या एका कारखान्यात फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग ग्राइंडरवर घासून साफ करायला, अकरा वर्षं. आदल्या संध्याकाळी ते आमच्या कट्ट्यावर आले. बाबांनी त्यांना दुसरं काही सांगितलं नाही. "खुर्ची देतील, बस. चहा देतील, पी. कागद देतील, घडी घाल आणि घरात दाखवून आणतो म्हण." काकांनी तसंच केलं. त्यांना तीन आठवडे गेटवर येऊ दिलं नाही. रोज हजेरीच्या वेळी ते जात, वॉचमनला वेळ विचारत आणि वहीत लिहून ठेवत. ती वही बाबांनीच आणून दिली होती. शेवटी त्यांना कामावरून कमी केल्याचं रीतसर पत्र मिळालं. पगार १४,०००, म्हणून भरपाईचे ७७,०००, नोटिशीचा एक महिना, आणि ग्रॅच्युइटीचे ८८,८४६ वेगळे. शिवाय इएसआयची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. दोन वर्षं विमा भरलेल्या माणसाचं काम स्वतःची चूक नसताना गेलं तर आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त ९० दिवस भत्ता मिळायचा. २०१८ मध्ये सुरू झाली तेव्हा तो रोजच्या सरासरी कमाईच्या २५ टक्के होता, २४ मार्च २०२० पासून ५० टक्के झाला. त्यासाठी मालकाच्या दारात जावं लागत नव्हतं, अर्ज कामगारानं स्वतः करायचा. काकांना एकवीस हजारांच्या आसपास मिळाले. त्या पावसाळ्यात त्यांच्या घरची चूल त्यावर पेटली.

बाबांना त्यांचा आनंद मनापासून झाला. पण त्या रात्री ते उशिरापर्यंत कट्ट्यावरच बसून होते.

निपाणीच्या मावशीबद्दलही लिहायचं होतं. बावीस वर्षं घरी बसून विड्या वळल्या, हजार विड्यांमागं मजुरी. एक दिवस निरोप आला, उद्यापासून पानं मिळणार नाहीत. १९६६ च्या विडी कामगार कायद्यात घरी वळणारी बाईही कामगारच धरली होती, आणि सहा महिने काम झालेलं असेल तर योग्य कारण आणि महिन्याची नोटीस किंवा पगार यांशिवाय तिला काढता येत नव्हतं. पण मावशीचं पासबुक तिच्या जावेच्या नावावर होतं. पहिल्या दिवशी कुणीतरी सोयीसाठी तसं केलं, आणि बावीस वर्षं ते तसंच राहिलं. तिच्या बोटांना तंबाखूचा वास अजून येतो. कागदावर तिनं एकही विडी वळलेली नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने २९ कायदे जाऊन चार नव्या संहिता आल्या. मी त्या सवडीनं वाचल्या. वर्षाला पंधरा दिवसांची भरपाई तशीच आहे. ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्याला आता एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी मिळते, हे चांगलं. काढलं असो वा राजीनामा असो, राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा. कमी केलेल्या कामगाराच्या खात्यावर नवं काम शिकण्यासाठी पंधरा दिवसांचा पगार ४५ दिवसांत जमा करायचा. पण कामगार कमी करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याची अट जुन्या कायद्यात शेवटी शंभर कामगारांवर होती, ती आता तीनशेवर आहे. उद्यमबाग आणि मच्छ्याच्या रस्त्यानं जा, तीनशे माणसांची शेड किती दिसतात ते मोजा. माझ्या मते आमच्या गावच्या कामगाराचं यात नुकसान झालं आहे. आणि बडतर्फीविरुद्ध दाद मागायची मुदत तीन वर्षांवरून दोन झाली. बाबांसारखा माणूस मनाची तयारी करेपर्यंत ती संपूनही जाईल.

जुन्या स्थायी आदेश कायद्यात, १९४६ च्या, एक कलम होतं, ते मला फार आवडतं. कामाचे नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत, गेटजवळ ठळक जागी लावायचे. बाबांना विचारलं, असा बोर्ड होता का? म्हणाले, होता, रंग उडालेला, वॉचमन त्यावर डबा अडकवायचा.

परवा पिरनवाडीचा एक पोरगा आला, ठेकेदाराकडचा, तेवीस-चोवीस वर्षांचा. त्यानं मोबाइलवर कागदाचा फोटो आणला होता. बाबांनी चष्मा लावला नाही, त्याचा उपयोग नव्हता. आधी विचारलं, "सही केलास काय?"

"नाही, मामा. उद्या बोलावलंय."

बाबांनी आईला चहा टाकायला सांगितलं. शेजारच्या मुलीला हाक मारली, मला खुर्ची ओढून दिली. मी इंग्रजी वाचून दाखवलं आणि फोन पोराला परत देऊ लागले.

"थांब," बाबा म्हणाले. "मागच्या पानाचा फोटो काढलाय काय, विचार त्याला."